आयटीत पाय ठेवताना डिग्री कामाला आली की हातचं काम? अनुभव लिहा

टिळकवाडीची मावशी
काल भाच्याची केसीईटीची (कर्नाटकची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा) ऑप्शन एंट्री, म्हणजे कॉलेजांची पसंती, भरायला बसले होते. मध्येच म्हणाला, "मावशी, चार वर्षं कशाला घालवू? सहा महिन्यांचा कोर्स करतो आणि बेंगळूरला जातो." मला एकदम बेळगावच्या खडेबाजारातलं दुकान आठवलं. डिप्लोमा झाल्या झाल्या तिथं कॉम्प्युटर जोडायच्या कामाला होते. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून फोन यायचा, हिशेबाचं टॅली उघडेना, प्रिंटर चालेना, की निघाले स्कूटीवरून. पगार सांगण्यासारखा नव्हता. पण नंतर लॅटरल एंट्रीनं (डिप्लोमावाल्यांचा थेट प्रवेश) बीईच्या दुसऱ्या वर्षाला गेले तेव्हा नेटवर्किंगच्या लॅबची कधी भीती वाटली नाही, आणि पहिल्या मुलाखतीत निम्मे प्रश्न त्या दुकानातल्या कामावरच आले. तरी त्या खुर्चीपर्यंत पोचले ती डिग्रीमुळं. नुसत्या डिप्लोमावाल्यांना कंपन्यांच्या भरतीच्या ड्राइव्हला बसूच देत नव्हते.
तुमचं कसं झालं? सविस्तर लिहा, भाच्याला वाचायला देणार आहे.

निपाणीकर
60 टक्के थ्रूआउट, म्हणजे दहावीपासून डिग्रीपर्यंत सगळीकडं 60 पाहिजेत!! त्या एका ओळीनं किती पोरं बाहेर बसली. माझं एसएसएलसी (दहावी) मराठी माध्यमातनं, मार्क चांगले. पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला सगळं एकदम इंग्लिशमध्ये आलं आणि 60 च्या खाली अडकलो. बीईला डिस्टिंक्शन, तरी यादीत नाव नाही. शेवटी पुण्यात एका लहान कंपनीत टेस्टिंगला लागलो. पुढची नोकरी बदलताना पीयूसीचे मार्क कुणी विचारलेसुद्धा नाहीत. पहिल्या दारापुरतंच असतं ते.

कंग्राळी
@निपाणीकर अगदी अगदी. माझ्या बहिणीचं असंच झालं. फार रडली होती.

खानापूरचा बीसीए
बीईच पाहिजे असं नाही ओ. मी आरसीयूचा, म्हणजे बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचा बीसीए. विप्रोच्या डब्ल्यूआयएलपी या शिकत-कमवत योजनेतनं लागलो. बीसीए, बीएस्सीवाल्यांना घेतात, नोकरी करत करत एमटेक होतं, फी कंपनी भरते. शनिवार रविवार अभ्यासात जातो आणि करार लांबचा असतो, तो पूर्ण वाचूनच सही करायची. घरची शेती चार एकर, बीईची फी झेपली नसती. माझ्यासाठी डिग्री आणि अनुभव एकाच वेळी सुरू झाले.

अनगोळ
व्हीटीयू, म्हणजे इंजिनिअरिंगचं विद्यापीठ, 1998 पासनं आमच्या मच्छेत. राज्यातल्या बहुतेक इंजिनिअरिंगच्या डिग्र्या बेळगावातनं निघतात आणि आमची पोरं रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरून बेंगळूरला. इथं पहिला अनुभव मिळायची सोय झाली पाहिजे, बास. घरी आईवडील दोघंच राहिलेत गल्लीत बऱ्याच ठिकाणी.

वडगाव
@अनगोळ आमच्या घरी तेच आहे बघा. पोरगा व्हाइटफील्डला. दसऱ्याला येतो म्हणालाय.

रिक्रूटर, मूळची शहापूरची
भाच्याला हे आवर्जून दाखवा. कोर्स संपला की "दोन वर्षांचा अनुभव लावून देतो, इतके पैसे द्या" म्हणणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नको म्हणावं. पीएफचा यूएएन (खात्याचा नंबर) तपासला की कुठल्या महिन्यात कुठल्या कंपनीनं पैसे भरले ते दिसतं. कागदावरचा अनुभव आणि पीएफ जुळला नाही की बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये अडकतं. नोकरी लागून कामात रुळलेल्या पोराला काढलेलं मी पाहिलंय. त्याच्या वडिलांचा फोन आला होता, काय बोलावं कळेना मला.
त्यापेक्षा खरं लहान काम लिहा. मावशींचं दुकानातलं काम माझ्याकडं आलं असतं तर मी ते सगळ्यात वर ठेवलं असतं. कुठली मशीन, काय बिघडलं, कसं शोधलं, एवढं सांगता आलं तरी पुष्कळ.

कॅम्पातला लिनक्सवाला
वडील गेले, बीकॉम अर्धवट राहिलं. सायबर कॅफे सांभाळत लिनक्स (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम) शिकलो. मग आरएचसीएसए, म्हणजे रेड हॅट कंपनीची लिनक्सची परीक्षा दिली. त्या परीक्षेत उत्तरावर खूण करायची नसते, समोर मशीन देतात आणि काम करून दाखवायचं. युजर, परमिशन, डिस्क, सर्व्हिस, रीबूट केल्यावरही सगळं चालू राहिलं पाहिजे. त्यावर सपोर्टची नोकरी मिळाली. पण टीम लीड करायची वेळ आली तेव्हा एचआरनं ग्रॅज्युएशन विचारलं. मग इग्नूतनं बीसीए पूर्ण केलं, लग्न झाल्यावर, रात्रीची शिफ्ट करून. बायको नोट्स काढून द्यायची. तिच्यामुळं झालं.

कंग्राळी
वा! वहिनींना नमस्कार सांगा 🙏

येळ्ळूर ते म्युनिक
बाहेर जायचं असेल तर हे माहीत असू द्या. अमेरिकेच्या नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाला बॅचलर डिग्री किंवा तिच्या तोलाचं शिक्षण-अनुभव लागतो. तिकडची डिग्री चार वर्षांची, आपला बीसीए बहुतेक ठिकाणी तीन. कमी पडलेल्या एका वर्षापोटी तीन वर्षांचा अनुभव धरतात. जर्मनीत नोव्हेंबर 2023 पासून आयटीवाल्यांना डिग्री नसतानाही ब्लू कार्ड (तिकडं राहून नोकरी करायचा परवाना) मिळू शकतं, मागच्या सात वर्षांत तीन वर्षांचा त्या दर्जाचा अनुभव आणि ठरलेला पगार पाहिजे. म्हणजे अनुभवाला किंमत आहे, पण कागदोपत्री सिद्ध करता आला पाहिजे. ऑफर लेटर, रिलीव्हिंग लेटर, पगाराच्या स्लिपा, सगळं जपून ठेवा.
इथं थंडी सुरू झालीय. कुंदा पाठवा कुणीतरी.

हिंडलगा
मावशी, दुकान म्हणजे जिना चढून वर होतं तेच का? खाली स्टेशनरी?

टिळकवाडीची मावशी
@हिंडलगा होय होय, तेच! तुम्ही पण होता काय तिथं?
सगळ्यांचं भाच्याला वाचून दाखवलं. पीएफचं ऐकून गप्प झाला. बीई किंवा बीसीए भरतो म्हणतोय, आणि सुट्टीत लिनक्स. 4 जीबीचा जुना लॅपटॉप आहे, चालेल का?

कॅम्पातला लिनक्सवाला
चालतंय की. ग्राफिकल (माउसनं चालवायची स्क्रीन) घालू नका, नुसती कमांड लाइन ठेवा. रॉकी लिनक्स फुकट आहे, रेड हॅटसारखंच. रविवारी घेऊन या लॅपटॉप, घालून देतो.

हिंडलगा
मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात होतो ओ! प्रिंटर तुम्हीच दुरुस्त करून दिला होता आमचा.

खानापूरचा बीसीए
रविवारी माझा धाकटा भाऊ पण येऊ दे का?

कॅम्पातला लिनक्सवाला
येऊ दे. दहानंतर.