शाखेतल्या प्रॉक्सीवरून मुंबईच्या डिरेक्टरीत शोध: निकाल रिकामा, मधेच अडकतो

देवगड_लिनक्स:
मुंबईच्या मुख्य कार्यालयात ऍक्टिव्ह डिरेक्टरी (कर्मचाऱ्यांची खाती नि पासवर्ड ठेवणारी मायक्रोसॉफ्टची प्रणाली) आहे. देवगड, मालवण आणि रत्नागिरी शाखांत एकेक लिनक्स पेटी, तिच्यावर ओपनएलडॅप 2.6 बॅक-एलडॅप लावून, म्हणजे पेटी प्रॉक्सी: आलेली विचारणा पुढे मुंबईला पाठवते. शाखेतलं एनएएस (फाइल साठवणारं यंत्र) आणि इंट्रानेट त्या पेटीलाच विचारतात. मेलवरून शोधलं की नोंद मिळते. सॅमअकाउंटनेमवरून (ऍक्टिव्ह डिरेक्टरीतलं लॉगिन नाव) शोधलं की एरर नाही, पण निकाल शून्य. तीच विचारणा थेट मुंबईला केली तर चालते. डोमेनच्या मुळापासून शोधलं की अर्धा मिनिट अडकतं. आणि पावसात लाइन गेली की शाखेत कोणालाच लॉगिन होत नाही. कॅश (आधीची उत्तरं पेटीतच साठवणं) कशी लावावी?

वाशिष्ठी_काठ:
शून्य निकालाचं कारण स्कीमा, म्हणजे ओळखीच्या ऍट्रिब्यूट्सची (नोंदीतल्या रकान्यांची) यादी. प्रॉक्सीला सॅमअकाउंटनेम माहीतच नसेल तर फिल्टरचा तेवढा भाग ती "काहीच जुळत नाही" अशा फिल्टरने बदलून पुढे पाठवते, म्हणून एररही दिसत नाही. कोसाइन आणि इनेटऑर्गपर्सन या स्कीमांनंतर एमएसयूजर स्कीमा जोडा.

अडकतं ते रेफरल्समुळे, म्हणजे "हे त्या दुसऱ्या सर्व्हरला विचारा" अशा उत्तरांमुळे. मुळापासून शोधलं की मुंबईचा सर्व्हर फॉरेस्टडीएनएसझोन्स वगैरेंचे रेफरल्स देतो. चेज-रेफरल्स मुळात चालू असतं, त्यामुळे प्रॉक्सी त्या नावांमागे धावते आणि ती नावं शाखेच्या डीएनएसला सापडत नाहीत. चेज-रेफरल्स नो करा, किंवा शोधाचा बेस (सुरुवातीची जागा) कर्मचाऱ्यांच्या ओयूवर (डिरेक्टरीतल्या विभागावर) आणा. मी तर दोन्ही करायला सांगेन.

आयडीअसर्ट-बाइंडमध्ये (प्रॉक्सी सेवा खात्याने मुंबईत लॉगिन करते ते सेटिंग) मोड=नन ठेवा. प्रॉक्सीड ऑथरायझेशन (दुसऱ्याच्या नावाने विचारणं) ऍक्टिव्ह डिरेक्टरी मानत नाही. सेवा खात्याला फक्त वाचनाचा अधिकार पुरे.

मांडवी_बंदर:
लाइन जाते त्यासाठी पीकॅश ओव्हरले (ओपनएलडॅपला जोडायचा कॅशचा भाग). ओळ अशी: पीकॅश एमडीबी 5000 1 50 600. म्हणजे जास्तीत जास्त 5000 नोंदी, 1 ऍट्रिब्यूट संच, 50 पेक्षा जास्त नोंदी देणारी विचारणा कॅशमध्ये नाही, आणि दर 600 सेकंदांनी तपासणी. मग टेम्पलेट, म्हणजे कॅश करायच्या फिल्टरचा साचा: (सॅमअकाउंटनेम=) 0 3600. 0 हा संचाचा क्रमांक, 3600 म्हणजे निकाल किती सेकंद ठेवायचा ते.

फसतं ते इथेच: क्लायंट संचाबाहेरचं एक ऍट्रिब्यूट जरी मागेल, तरी विचारणा मुंबईलाच जाते. फिल्टरचा आकारही टेम्पलेटशी तंतोतंत जुळायला हवा. एनएएस ऑब्जेक्टक्लाससकट (नोंदीच्या प्रकारासकट) विचारत असेल तर त्याचं टेम्पलेट वेगळं. लॉगलेव्हल पीकॅश ठेवलं की कुठली विचारणा कॅशमधून गेली ते दिसतं.

लॉगिनसाठी पीकॅशबाइंड (लॉगिनची कॅश) त्याच टेम्पलेटवर. लाइन चालू असताना माणसाने एकदा लॉगिन केलेलं हवं, नाहीतर पासवर्डचा हॅश (त्याचं सांकेतिक रूप) पेटीत येणार कुठून? पीकॅशपर्सिस्ट ट्रू नसेल तर पेटी रीस्टार्ट झाल्यावर कॅश रिकामी, आणि आपल्याकडे लाइन नि वीज बहुधा एकत्रच जातात.

लाइन गेली की पीकॅशऑफलाइन ट्रू. मग काही एक्स्पायर होत नाही. सेटिंग्ज फाइलऐवजी सीएन=कॉन्फिगमध्ये (ओपनएलडॅपच्याच डिरेक्टरीत) असतील तर हे रीस्टार्टशिवाय बदलता येतं.

वाशिष्ठी_काठ:
लाइन आली की ते लगेच फॉल्स करा. ऑफलाइन असेपर्यंत मुंबईने बंद केलेलं खातंही शाखेत चालत राहतं. हॅश पेटीतच असतात, तेव्हा कॅशच्या फोल्डरला 700 परवानगी (फक्त मालकाला प्रवेश) आणि डिस्क एन्क्रिप्टेड.

देवगड_लिनक्स:
स्कीमा घातल्यावर नोंदी आल्या, धन्यवाद! पण जेवणाच्या सुट्टीनंतरचं पहिलं लॉगिन अजून अडखळतं.

मांडवी_बंदर:
मुंबईचा सर्व्हर रिकामं कनेक्शन मुळात 900 सेकंदांनी तोडतो, व्हीपीएनचा फायरवॉल बहुधा त्याआधीच, तेही न कळवता. प्रॉक्सीत आयडल-टाइमआउट 300 (रिकामं कनेक्शन आपणच आधी तोडायचं), नेटवर्क-टाइमआउट 5 (जोडणीची वाट 5 सेकंदच), रीबाइंड-ऍज-यूझर येस (पुन्हा जोडताना त्याच माणसाच्या नावाने). फायरवॉलची मर्यादा 300 पेक्षा कमी असेल तर आकडा तिच्याखाली आणा.