जुनी डुकाटी एसटी३ घ्यावी का? (ठाणे–नवी मुंबई) सल्ला हवा

नेरूळचा_स्वार

नमस्कार मंडळी,

सीवूड्समध्ये ओळखीतल्या एका काकांची डुकाटी एसटी३ (इटालियन स्पोर्ट-टूरिंग गाडी) विकायला आहे. २००५ चं मॉडेल, लाल, पहिल्यापासून एमएच ४३ पासिंग, एकच मालक. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे गेली दोन-तीन वर्षं ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये जवळजवळ उभीच आहे. अधूनमधून सुरू करून ठेवतात, एवढंच.

माझा वापर शनिवार-रविवारचा. ऑफिसला मी लोकलनेच जातो. बायकोला मागे बसवून नाशिक, कोल्हापूर, गणपतीत गावी गुहागरला जायचं, हा बेत. उंच ॲडव्हेंचर गाड्यांवर माझे पाय नीट टेकत नाहीत, आणि सुपरबाईकवर ती मागे बसायला तयार नाही. म्हणून थोडं पुढे झुकून बसायचं, पण वाऱ्याचा मारा फेअरिंगने अडवायचा, मागच्याला खरी सीट आणि दोन्ही बाजूंना डबे, अशा बांध्याची गाडी मला कधीची हवी होती. ही दिसली आणि डोक्यातून जात नाही.

विचारायचं असं : घ्यावी का? बघायला जाताना काय तपासू? ठाणे-नवी मुंबईत असल्या गाडीवर काम करणारा माणूस कसा पारखायचा? दुसरा पर्याय असेल तर तोही सांगा.

गायमुखकर

भाऊ, गाडी चांगली निवडली आहेस. एसटी३ हे त्या घराण्यातलं शेवटचं आणि माझ्या मते रोज चालवायला सगळ्यात समजूतदार इंजिन. १९९७ च्या एसटी२ मध्ये ९४४ सीसी आणि प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, एसटी४ मध्ये ९१६ चं इंजिन आणि चार व्हॉल्व्ह, एसटी४एसमध्ये ९९६. एसटी३ २००४ मध्ये आली : ९९२ सीसी, दोन इनलेट, एक एक्झॉस्ट. खालच्या आरपीएमला ती एसटी४पेक्षा शांतपणे ओढते, आणि घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला त्याची किंमत विचारू नकोस.

आता मुद्द्याचं. या इंजिनात व्हॉल्व्ह बंद करायचं काम स्प्रिंगवर सोडलेलं नाही. उघडायला एक रॉकर (व्हॉल्व्ह हलवणारा छोटा दांडा), बंद करायला दुसरा. फाबिओ तालिओनींनी १९५६ मध्ये रेसच्या १२५ सीसी गाडीत हे बसवलं, आणि डुकाटीच्या बऱ्याच इंजिनांत ते अजून आहे. त्यामुळे प्रत्येक व्हॉल्व्हला दोन फटी तपासाव्या लागतात, दोन वेगळे शिम (फट जुळवायच्या नेमक्या जाडीच्या चकत्या) लागतात, म्हणजे काम दुप्पट. आणि कॅमशाफ्ट फिरतात रबरी टायमिंग बेल्टवर. बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिनचं वरचं सगळं काम निघतं.

बेल्टचा हिशेब त्या काळच्या गाड्यांना दोन वर्षं किंवा वीस हजार किलोमीटर, जे आधी येईल ते. तुझ्या बाबतीत वर्षंच आधी येणार. गाडी उभी असली तरी बेल्ट पुलीवर एकाच जागी वाकून ताणलेला राहतो आणि रबर म्हातारं होतंच. म्हणून काकांना पहिला प्रश्न हा विचार : बेल्ट शेवटचे कधी बदलले, आणि बिल आहे का? बिल नसेल तर बदललेले नाहीत असं धरून चाल. गाडी ताब्यात आली की बेल्ट बदलल्याशिवाय एकही राईड करू नकोस. इंजिन अधूनमधून नुसतं सुरू करून ठेवण्याचाही उपयोग नाही. तेल पुरतं तापत नाही, आत ओल धरते, बॅटरी मात्र उतरते. विकेपर्यंत काकांनी ते थांबवलेलं बरं.

दुसरी गोष्ट चार्जिंग. बॅटरीला जाणारी वीज आवरणाऱ्या त्या काळच्या रेग्युलेटर-रेक्टिफायरचं काम म्हणजे जास्तीची वीज उष्णता करून उडवून लावणं. आपल्याकडच्या उन्हात, सिग्नलला फॅन चालू, हेडलाईट चालू, अशा वेळी तो फार तापतो, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या तारांचे कनेक्टर काळे पडतात. मल्टीमीटर घेऊन जा. इंजिन चार हजार आरपीएमवर धरलं की बॅटरीच्या टोकांना तेरा-साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. नंतर रेग्युलेटरचे कनेक्टर प्रत्यक्ष उघडून बघ. पिवळ्या तारा तपकिरी झालेल्या दिसल्या तर घाबरू नकोस, पण भाव करताना ते धर. रेग्युलेटर मॉसफेटचा (नव्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) बसवता येतो, तो कमी तापतो.

तिसरं, क्लच हायड्रॉलिक आहे. डाव्या बाजूला पुढच्या स्प्रॉकेटपाशी स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच ढकलणारा भाग) असतो, तिथे ओल दिसते का बघ. सुरुवातीच्या एसटी३ ला ड्राय क्लच आहे, लिव्हर दाबला की खडखडतो आणि सोडला की आवाज कमी होतो. तो आवाज दोष नाही. क्लच सुटताना गाडी थरथरली तर मात्र प्लेटा आणि बास्केट घासले आहेत असं समज.

बाकी फोर्कचे सील, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक ऑईल, कूलंट हे तू कुठल्याही गाडीत बघतोसच. टायरवरचे चार आकडे वाच, आठवडा आणि वर्ष. सहा-सात वर्षांपूर्वीचे असतील तर नक्षी कितीही खोल असो, टायर बदलायचे. पुढे १२०/७०, मागे १८०/५५, दोन्ही सतरा इंची. हे माप आपल्याकडे सहज मिळतं, ही एक चांगली बाजू.

पारसिक_टेकडी

माझं मत वेगळं आहे. बायकोला घेऊन गुहागरला जायचंय ना? मग निन्जा १००० बघा. १०४३ सीसी, चार सिलिंडर, डबे लागतात, इथे अधिकृत विकली गेलेली गाडी आहे. महाडला चेन तुटली तरी मुंबईहून चेन येते. एसटी३चा एखादा सेन्सर गेला तर तो युरोपातून मागवायचा, त्यावर कस्टम्स आणि जीएसटी भरायचा, आणि तोवर गाडी कुणाच्या तरी अंगणात उभी ठेवायची. ज्यांच्याकडे रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे आणि वाट बघायची तयारी आहे, त्यांनीच या वाटेला जावं. तुमची तशी तयारी आहे का, एवढं मनाशी ठरवा.

वाशीकर_काका

गाडीचं वरच्या मंडळींनी सांगितलंच. मी कागदांचं सांगतो, कारण इम्पोर्टेड गाडीत लोक फसतात ते इथे.

२००५ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं केव्हाच उलटली. आरसी बुक हातात घेऊन आधी नूतनीकरण झालंय का, आणि ते कुठवर आहे ते बघ. नूतनीकरण पाच वर्षांचं असतं. झालं नसेल तर गाडी रस्त्यावर आणणंच बेकायदा, म्हणजे ट्रायलसुद्धा नाही. शुल्काचंही ऐकून ठेव. २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या इम्पोर्टेड दुचाकीला दहा हजार लागतात. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या इम्पोर्टेड दुचाकीला ते वीस हजार झालं. तुझी गाडी त्याच कक्षेत येते. शिवाय पर्यावरण कर वेगळा, पीयूसी वेगळं, आणि २०१९ च्या एप्रिलपूर्वीची गाडी असल्यामुळे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेटही बसलेली हवी. हे सगळं काकांनी करून द्यायचं की तू करायचं, ते भाव ठरण्याआधी बोलून घे.

चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी गाडीवरून वाच, आरसीवर आणि परिवहनच्या ॲपवर ताडून बघ. गाडी परदेशातून कशी आली त्याचं बिल ऑफ एंट्री (कस्टम्सचा आयातीचा कागद) माग. एकच मालक असेल तर ते घरातल्या फायलीत सापडायला हवं. एमएच ४३ ची एमएच ४३ मध्येच नावावर करायची असल्याने एनओसीची यातायात तुला नाही, हे मोठं सुख आहे. माझ्या ओळखीतल्या एकाने परराज्यातली गाडी घेतली आणि चपला झिजवल्या.

विम्याचं : इतक्या जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, ठरलेला तक्ता नसतो. फोटो, बिलं, किलोमीटर सगळं देऊन रक्कम लेखी घे.

खारघरची_स्वारी

मी स्वतः मागे बसून बरंच फिरले आहे आणि आता पुढे बसते, म्हणून दोन्हींकडून सांगते. एसटीची मागची सीट खरंच बसण्यासारखी आहे, गुडघे फार मुडपत नाहीत. पण डबे लावल्यावर गाडी रुंद होते. मुंब्रा बायपास किंवा कळंबोली सर्कलला ट्रकांच्या मधून काढताना ते लक्षात ठेवा. वहिनींना ट्रायलला नक्की न्या. निर्णय दोघांचा आहे.

पर्याय विचारलात म्हणून : इटालियनच हवी आणि बेल्टची धास्ती नको, तर मोटो गुझी नॉर्गे कुठे मिळते का बघा. ११५१ सीसी, हवेने थंड होणारं आडवं व्ही-ट्विन, चेनऐवजी शाफ्ट. व्हॉल्व्हची फट स्क्रू आणि लॉकनटने लावायची, सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असल्याने हात सहज पोचतो. १९२८ मध्ये जुझेप्पे गुझी ज्या गाडीवरून उत्तर नॉर्वेपर्यंत गेले, तिच्यावरून हे नाव आलं. लांबच्या प्रवासाचीच गाडी ती. आपल्याकडे मात्र दिसणं फार दुर्मीळ, त्यामुळे समोर आलेली चांगली एसटी३ सोडून तिची वाट बघत बसा असं मी म्हणणार नाही.

आणि जुनी मल्टिस्ट्राडा १००० किंवा ११०० कोणी सुचवली तर टाकी बघा. तिची टाकी प्लास्टिकची असते, इथेनॉलने फुगते आणि मग बोल्टच्या जागी बसत नाही.

नेरूळचा_स्वार

सगळ्यांचे मनापासून आभार. पारसिक_टेकडी, तुमचा प्रश्न रास्त आहे. घरात स्कूटर आहे, लोकल आहे, गाडी महिनाभर उभी राहिली तर माझं काही अडत नाही. त्यामुळे कल अजून एसटी३ कडेच आहे.

काकांशी बोललो. आरसीचं नूतनीकरण झालेलं आहे, चालू आहे, नंबरप्लेटही बसवली आहे. बेल्टचं बिल नाही. आता दोन शंका. एक, इथेनॉलचा या गाडीला त्रास किती? दोन, गायमुखकर, मेकॅनिक कसा ओळखायचा ते राहिलं.

गायमुखकर

इथेनॉल : टाकीला चुंबक लावून बघ. चिकटलं तर पोलादी आहे, फुगण्याची चिंता मिटली. पण टाकीच्या आतले इंधनाचे छोटे होज आणि खाली असलेले प्लास्टिकचे क्विक कनेक्टर हे त्या काळच्या डुकाटींचं ठरलेलं दुखणं. कनेक्टर ठिसूळ होतात, टाकी उचलताना तुटतात आणि पेट्रोल थेट गरम इंजिनवर सांडतं. धातूचे कनेक्टर मिळतात. बेल्टच्या कामासाठी टाकी निघणारच आहे, तेव्हाच ते आणि आतले होज, फिल्टर सगळं बदलून घे. दोन-तीन वर्षं पडून असलेलं पेट्रोल पूर्ण काढून टाक. इथेनॉल पाणी ओढतं, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत पावसाळ्यात पाण्याची कमी नाही. पुढे पावसाळ्यात गाडी ठेवताना टाकी काठोकाठ भरून ठेव, आत हवा कमी राहिली की ओलही कमी धरते. प्लास्टिकचं कव्हर घालू नकोस, खाली घाम धरतं. सुती कव्हर आणि बॅटरीला मेंटेनर, एवढं पुरे.

मेकॅनिकबद्दल. दुकान किती मोठं आहे ते बघू नकोस. त्याला तीन गोष्टी विचार. व्हॉल्व्हच्या फटी मोजल्यावर तू मला आकडे लिहून देशील का, उघडायच्या आणि बंद करायच्या दोन्ही? जो "सगळं ओके आहे साहेब" म्हणतो त्याच्याकडे गाडी सोडू नकोस. कागदावर आकडे देणारा माणूस पुढच्या वेळी शिम किती घासले हेही सांगू शकतो. दुसरं, बेल्टचा ताण कसा लावतोस? हल्ली बेल्टला टिचकी मारून त्याच्या आवाजाची वारंवारता फोनवर मोजतात, चांगली पद्धत आहे. नुसतं अंगठ्याने दाबून बघणारा अनुभवी असेलही, पण आपण नवीन असताना मोजणारा बरा. तिसरं, जुने भाग परत देशील का? तुर्भे-रबाळे एमआयडीसीच्या बाजूला आणि ठाण्यात कोलशेतकडे अशी कामं करणारी मंडळी आहेत. नावं इथे उघड लिहीत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

आणि गाडी घ्यायच्या आधीच मेकॅनिक ठरव. किमतीच्या साधारण एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेव. तेवढी लागेलच असं नाही, पण ती नसताना गाडी घेतली की पहिली दुरुस्ती लांबते, दुसरी तिच्यावर चढते, आणि गाडी परत पार्किंगमध्ये जाते.

पारसिक_टेकडी

स्कूटर आणि लोकल असेल तर माझी हरकत मागे घेतो. फक्त बायकोला घेऊन पहिली लांबची सफर बेल्ट बदलल्यावर लगेच करू नका. आधी एकट्याने जवळचे घाट करून या. माळशेज बरा, मुरबाडपर्यंत गॅरेजं आहेत.

वाशीकर_काका

बेल्टचं बिल नसेल तर भर रस्त्यावर ट्रायल नको. सोसायटीच्या आवारात सुरू करून बघ, आवाज ऐक, व्होल्टेज मोज. खरी ट्रायल बेल्ट झाल्यावर. पैसे दोन टप्प्यांत द्यायचं काकांशी बोल : थोडं बयाणा म्हणून, लेखी, आणि बेल्ट-व्हॉल्व्हचं काम होऊन आकडे हातात आल्यावर उरलेले. ओळखीतले आहेत, ऐकतील.

नेरूळचा_स्वार

बोललो. काका बयाण्याला तयार झाले, उलट म्हणाले की बेल्टचे अर्धे पैसे मी देतो, गाडी चालती राहिली पाहिजे. बिल ऑफ एंट्रीची फाईलही शोधून ठेवली आहे. रविवारी सकाळी बघायला जातोय, बायकोही येते आहे. गायमुखकर, जमेल का यायला?

गायमुखकर

येतो. मल्टीमीटर, टॉर्च आणि चुंबक माझ्याकडे आहे. काकांना आजच फोन करून सांग की आम्ही येण्याआधी इंजिन सुरू करू नका. थंड इंजिनचा पहिला आवाज मला ऐकायचा आहे.