सरकारी टेंडर भरलंय का कधी? अनुभव सांगा

भरीतवाली_जळगाव: दिवाळीची आवराआवर करताना डिजिटल सहीचं जुनं डोंगल सापडलं आणि 2018 आठवलं. चादरी-अभ्रे शिवायचा आमचा छोटा उद्योग, आठ जणी. एका वसतिगृहाचं टेंडर भरलं. दर आमचाच कमी असणार, खात्री होती. पण तांत्रिक म्हणजे कागदपत्रांच्या लिफाफ्यातच बाद! शपथपत्रावर सही होती, शिक्का राहिला. दराचा लिफाफा उघडलाच नाही. पुढच्या वेळी ह्यांनी इतके शिक्के मारले की शाई संपली. ते टेंडर मिळालं. तुमचं सांगा.

तापीकाठ: जावा!!! पाचला मुदत संपणार, साडेचारला संगणक म्हणतो जावा अपडेट करा. त्यात लाईट गेली. आता दोन दिवस आधीच भरून मोकळा होतो.

मेहरूणचा_भाचा: मला उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, असूनही बयाणा (टेंडरची अनामत रक्कम) माफ झाला नाही. का, तर मी ट्रेडिंग दाखवलेलं. माल स्वतः बनवणाऱ्याला सवलत, आणून विकणाऱ्याला नाही. हे कोणी आधी सांगत नाही राव.

धुळ्याची_माई: महिला उद्योजकांचे 3 टक्के प्रत्येक टेंडरमध्ये असतात असं समजून मी एका ऑफिसात भांडून आले 🙈 ते केंद्राच्या खात्यांचं आणि उपक्रमांचं वर्षभराच्या खरेदीतलं उद्दिष्ट आहे. शिपाई हसत होता.

पाईपवाला: आम्ही जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, 11 टक्क्यांनी महाग होतो. एल वन, म्हणजे सर्वात कमी दरवाली, मोठी कंपनी. लघुउद्योग 15 टक्क्यांच्या आत असेल तर एल वनच्या भावात द्यायला विचारतात, किमान 25 टक्के माल. घेतलं. नफा? चहापुरता. पण अनुभवाचा दाखला मिळाला, पुढच्या टेंडरला तोच लागतो.

एरंडोलकर: आमच्याकडे रस्त्याची छोटी कामं 33-33-34 मध्ये वाटली जायची. बेरोजगार अभियंते, मजूर संस्था, बाकी खुले. मी अभियंता, सोडतीत नाव निघालं तेव्हा आजीने पेढे वाटले. काम होतं गटारीचं.

धुळ्याची_माई: 😂😂 पेढे गटारीचे

शिरपूरना_पोऱ्या: टेंडर भेटनं भो, बिल भेटेना. माल मार्चमा दिधा, पैसा दिवाळीले उना.

पाईपवाला: @शिरपूर 45 दिवसांची मुदत आहे ना कायद्यात! वर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. थकलेल्या बिलांच्या तक्रारीच्या समाधान पोर्टलवर टाकायचं होतं.

शिरपूरना_पोऱ्या: टाकतू भाऊ. पन पुढनं टेंडर बी त्याच सायबकडे शे.

तापीकाठ: 🙏

भरीतवाली_जळगाव: हो, आमचंही सात महिने अडकलं होतं. बायकांचे पगार माझ्या बांगड्यांवर काढले. त्या सुटल्या हं नंतर.

एरंडोलकर: ताई, नाव भरीतवाली आहे म्हणून विचारतो, बामणोदची वांगी आली का बाजारात?

भरीतवाली_जळगाव: आली. पण भाव विचारू नका, तिथेही एल वनच परवडतं.