जुन्या संगणकावर सुरक्षा अपडेट बसत नाहीत, तातडीने मदत हवी आहे (नाशिक)

जुळारीची_लेक
नमस्कार. आमच्या छापखान्यातील संगणकावर सुरक्षा अपडेट बसत नाहीत. दोन दिवस मी हेच करीत बसले आहे आणि आता धीर संपत आला आहे. अपडेटची तपासणी सुरू केली की बराच वेळ हिरवी पट्टी फिरत राहते आणि शेवटी लाल खूण येऊन त्रुटी दाखवली जाते. मागच्या आठवड्यात, कामाच्या फाइली तशाच ठेवून, विंडोजचा भाग फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकून घेतले आणि तेव्हापासूनच हा त्रास सुरू झाला. ज्यांनी ते काम केले ते म्हणतात की आता अपडेट विसरा आणि नवा संगणक घ्या. नवा घेणे सध्या शक्य नाही, म्हणून कृपया तो सल्ला देऊ नये. गणेशोत्सवाच्या पावती पुस्तकांची कामे दारात उभी आहेत. उपाय माहीत असेल तर लवकर सांगावा.

गोदाकाठ
ताई, विंडोजची आवृत्ती कोणती, ती ३२ बिटची की ६४ बिटची, आणि त्रुटीचा क्रमांक काय आहे, या तीन गोष्टी कळल्याशिवाय कोणीही नेमके काही सांगू शकणार नाही.

सिडको_नाशिक
घाबरून जाऊ नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला, तरी घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे. सेटिंगमधील अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा दिसतो. मी माझ्या दोन्ही संगणकांची नोंदणी तेथूनच केली आणि अडचण आली नाही.

जुळारीची_लेक
सिडको_नाशिक, आभारी आहे, पण आमचे विंडोज ७ आहे. गोदाकाठ, त्रुटीचा क्रमांक ८००७२ईएफई असा दिसतो. बिटचे कुठे पाहायचे?

मुक्तप्रणाली
विंडोज ७ ला इतक्या वर्षांनी अपडेट शोधत बसण्यात दिवस घालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मुक्त प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. जुन्या यंत्रावर ती चांगली चालते, सुरक्षा अपडेट नियमित मिळतात आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. इंदिरानगरमधील आमच्या सोसायटीच्या कार्यालयातील संगणक २०१० सालचा आहे. तो मी असाच बदलून दिला आणि आजही त्यावर हिशेब आणि पत्रव्यवहार चालतो.

जुळारीची_लेक
मिंटवर श्रीलिपी (मराठी अक्षरजुळणीची आज्ञावली) आणि पेजमेकर (पानांची मांडणी करणारी आज्ञावली) चालेल का? आमचे सगळे काम त्यावरच आहे आणि श्रीलिपी चालण्यासाठी तिचा लॉक, म्हणजे परवान्याची छोटी चावी, संगणकाला लावावा लागतो.

गोदाकाठ
हे पहिल्याच प्रश्नात सांगायला हवे होते, कारण आता प्रश्नच बदलला. बिट पाहण्यासाठी संगणकाच्या चिन्हावर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडा. तेथे सिस्टिम टाइपसमोर ३२ किंवा ६४ लिहिलेले असेल, आणि थोडे वर सर्व्हिस पॅक १ असे लिहिले आहे का, तेही पाहा. आणखी एक प्रश्न विचारतो, तो किरकोळ समजू नये. संगणक सुरू केल्याबरोबर कोपऱ्यात तारीख कोणती दिसते?

जुळारीची_लेक
३२ बिट आहे आणि सर्व्हिस पॅक १ आहे. तारीख म्हणाल तर रोज सकाळी सुरू करताना एफ१ दाबावे लागते आणि तारीख २००९ सालची येते. गेली दोन वर्षे असेच आहे. आमच्या कामाला तारीख लागत नाही, त्यामुळे कधी लक्ष दिले नाही.

गोदाकाठ
अडचणीचा पहिला भाग सापडला. संगणक ज्या संकेतस्थळाशी जोडला जातो त्याचे प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असते, आणि तुमच्या संगणकाच्या समजुतीप्रमाणे आज २००९ साल असेल, तर आजची सर्व प्रमाणपत्रे त्याला अजून सुरूच न झालेली वाटतात आणि तो सुरक्षित जोडणी नाकारतो. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, त्यावर सीआर२०३२ लिहिलेले असते. घड्याळ दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात तो मिळेल. संगणकाची तार भिंतीतून काढून सेल बदला, तारीख, वेळ आणि वर्ष नीट लावा, आणि पुन्हा तपासून येथे लिहा.

मुक्तप्रणाली
श्रीलिपीचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या पद्धतीत, रूपांतरित करता येतो, म्हणजे जुन्या प्रणालीत अडकून पडण्याचे कारणच उरत नाही.

लेखनिक_पंचवटी
मुक्तप्रणाली यांच्या या विधानाशी मी सहमत नाही. मी स्वतः अनेक वर्षे अक्षरजुळणी केली आहे. चार पानांचा सलग मजकूर रूपांतरित होतो हे खरे, पण पावती पुस्तके, लग्नपत्रिका आणि दिनदर्शिका यांच्या शेकडो तयार फाइली पेजमेकरमध्ये असतात. त्यातील प्रत्येक ओळीचे माप, प्रत्येक जोडाक्षराचे वळण आणि प्रत्येक चौकटीची जागा त्याच फॉन्टवर बेतलेली असते. फॉन्ट बदलला की सगळी मांडणी हलते आणि रफार व वेलांट्या एकेक करून तपासाव्या लागतात. हंगामाच्या तोंडावर कोणत्याही छापखान्याला हे सांगणे व्यवहार्य नाही. हंगाम संपल्यावर नव्या फाइली युनिकोडमध्ये करायला सुरुवात करावी, इतके मी मान्य करतो.

जुळारीची_लेक
सेल बदलला. एफ१ दाबण्याची गरज आता राहिली नाही आणि तारीखही बरोबर येते. काही संकेतस्थळे जी उघडत नव्हती ती उघडली. पण अपडेटला तीच त्रुटी येते, ८००७२ईएफई. आता काय करू?

गोदाकाठ
आता दुसरा भाग, आणि तोच मुख्य आहे. मायक्रोसॉफ्टच्या प्रत्येक अपडेटवर अंकीय स्वाक्षरी असते आणि संगणक ती ओळखूनच अपडेट बसवतो. पूर्वी या स्वाक्षरीसाठी शा-१ ही, फाइलीचा आकड्यांतला ठसा काढणारी, पद्धत वापरली जात असे. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅम येथील संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी एकच शा-१ ठसा असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइली तयार करून दाखवल्या, म्हणजे मुद्दाम तयार केलेल्या एका फाइलीच्या ठशावर दुसरीच फाइल खपवणे शक्य आहे हे सिद्ध झाले. त्यानंतर २०१९ च्या मध्यापासून विंडोज ७ ची अपडेट फक्त शा-२ पद्धतीने स्वाक्षरित होऊ लागली. तुमच्याकडे ज्या तबकडीवरून विंडोज टाकले गेले ती त्याच्या कितीतरी आधीची आहे. त्यामुळे तुमच्या संगणकाला नवी स्वाक्षरी वाचता येत नाही, आणि ती वाचायला शिकवणारे अपडेट त्याला आपण होऊन मिळू शकत नाही. म्हणून तीन फाइली हाताने बसवाव्या लागतील.

दुसऱ्या, चालू स्थितीतील संगणकावरून मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या संकेतस्थळावर जा, कारण तुमच्याकडील जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ते धड उघडणार नाही. तेथे प्रथम केबी४४९०६२८ शोधा, मग केबी४४७४४१९ आणि मग केबी३१३८६१२. पहिले अपडेट बसवणारी यंत्रणा सुधारते, दुसरे शा-२ ओळखायला शिकवते आणि तिसरे अपडेट शोधणारा भाग नवा करते. याच क्रमाने बसवा आणि प्रत्येकानंतर संगणक पुन्हा सुरू करा. ज्यांनी अपडेट येतच नाहीत असे सांगितले त्यांना एवढा खटाटोप करायचा नसावा. जानेवारी २०२० पर्यंतची अपडेट आजही घेता येतात.

सातपूरकर
इतके करण्यापेक्षा वाढीव अपडेट फुकट मिळवून देणारी एक छोटी आज्ञावली मिळते, ती चालवली की २०२० नंतरचीही अपडेट बसतात. मी वापरली आहे.

अंबड_वर्कशॉप
सातपूरकर, ही सूचना कृपया मागे घ्यावी. विंडोज ७ ची वाढीव अपडेट व्यवसायांसाठी आणि पैसे भरून होती, आणि तीही १० जानेवारी २०२३ रोजी थांबली. आपण ज्या आज्ञावलीचे नाव घेत आहात ती कोणी लिहिली हे आपल्याला माहीत नाही, आणि ती प्रशासकाचे सर्व अधिकार मागते. सुरक्षेसाठी म्हणून अनोळखी माणसाच्या हातात किल्ली देणे मला कधीच पटलेले नाही.

सातपूरकर
माझ्या संगणकाला तरी आजवर काही झालेले नाही. तरीही व्यवसायाच्या यंत्रावर ती वापरावी असा आग्रह मी धरत नाही.

जुळारीची_लेक
पहिलीच फाइल बसत नाही. "हे अपडेट तुमच्या संगणकाला लागू नाही" असे येते. माझ्या मोबाइलवर दुपारपासून ग्राहकांचे फोन येत आहेत.

गोदाकाठ
कॅटलॉगमध्ये एकाच क्रमांकाच्या अनेक ओळी असतात. आपण कोणत्या ओळीसमोरची फाइल उतरवली?

जुळारीची_लेक
एक्स६४ लिहिलेली. दुसऱ्या ओळीत एक्स८६ होते. ८६ हा आकडा मोठा, म्हणून ती नव्या संगणकांसाठी असेल असे मला वाटले.

गोदाकाठ
नेमके उलटे आहे. एक्स८६ म्हणजे ३२ बिट, कारण हे नाव इंटेलच्या ८०८६ या मूळ प्रोसेसरपासून चालत आले आहे. आपली फाइल एक्स८६ ची. तिन्ही पुन्हा उतरवा, आणि ओळीत विंडोज ७ असेच लिहिलेले आहे, सर्व्हर किंवा एम्बेडेड नाही, याचीही खात्री करा.

जुळारीची_लेक
बसल्या! तिन्ही बसल्या. तपासणी सुरू केली तर जवळजवळ दोन तास काही हलले नाही, आणि मग अपडेटची लांबलचक यादी आली. रात्रभर चालू ठेवते. गोदाकाठ, तुमचे उपकार विसरणार नाही.

अंबड_वर्कशॉप
ताई, आनंद झाला, परंतु आता थोडे थांबून माझे म्हणणे ऐकावे, कारण खरी जोखीम यापुढे आहे. विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. आज रात्री तुमच्याकडे जे बसेल ते त्या दिवसापर्यंतचे असेल. त्यानंतर सापडलेली सुरक्षेतील भोके तशीच उघडी राहणार आहेत. आमच्या कारखान्यात एका मिलिंग यंत्राला जोडलेला संगणक विंडोज एक्सपीचा आहे. यंत्राची आज्ञावली दुसऱ्या कशावरही चालत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली अडवून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर पसरले तेव्हा आमच्या आतल्या जाळ्यातील (नेटवर्कमधील) एका संगणकावरून ते दोन तासांत चार संगणकांवर गेले आणि सगळ्या आराखड्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. ज्या भोकातून ते शिरले त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिला होता, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. तो आम्ही बसवलेला नव्हता, ही चूक सर्वस्वी आमची होती. एक्सपीचा संगणक त्या दिवशी बंद होता म्हणूनच वाचला, आणि त्यानंतर मी त्याची जाळ्याची तार कायमची काढून टाकली.

आपणही तेच करावे असे मी कळकळीने सांगतो. श्रीलिपीचा संगणक इंटरनेटवरून पूर्ण तोडा. ग्राहकांचे मजकूर व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने येत असतील, तर त्यासाठी कोणताही दुसरा, आजची अपडेट मिळणारा संगणक ठेवा आणि फाइल पेन ड्राइव्हने इकडे आणा.

लेखनिक_पंचवटी
पेन ड्राइव्हबाबत एक भर घालतो. छापखान्यात ग्राहक स्वतःचे पेन ड्राइव्ह घेऊन येतात, आणि जुन्या संगणकांना सर्वाधिक लागण याच मार्गाने होत आलेली मी पाहिली आहे. ग्राहकाचा पेन ड्राइव्ह जुन्या संगणकाला थेट कधीही लावू नये. तो आधी दुसऱ्या संगणकावर तपासावा आणि हवी ती फाइल छापखान्याच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घ्यावी. ग्राहकाला दोन मिनिटे थांबावे लागते, त्याने काही बिघडत नाही.

सिडको_नाशिक
चांगला अँटिव्हायरस टाकला तर हे सगळे करण्याची गरज पडू नये, असे मला वाटते.

अंबड_वर्कशॉप
अँटिव्हायरस असावा, पण तो ओळखीचे विषाणू पकडतो. प्रणालीतील भोक तो बुजवत नाही. ब्राउझरचेही तसेच आहे. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, आणि ती २०२३ च्या जानेवारीतली आहे.

जुळारीची_लेक
सकाळी पाहिले तर सगळी अपडेट बसली आहेत, पण पडद्यावर बाबांनी लावलेला कपालेश्वराचा फोटो गेला आणि मागे सगळे काळे दिसते. काही बिघडले का?

गोदाकाठ
बिघडले नाही. जानेवारी २०२० च्या शेवटच्या अपडेटमध्येच ही चूक होती. चित्र पडदाभर ताणून बसवलेले असेल तर त्याऐवजी काळा रंग दिसतो. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी केबी४५३९६०२ सर्वांना विनामूल्य दिले. तेही कॅटलॉगमधून एक्स८६ चे घ्या. नसेल घ्यायचे तर चित्राची मांडणी ताणण्याऐवजी भरण्याची निवडा.

मुक्तप्रणाली
लॉकची अडचण मला सुरुवातीला माहीत नव्हती. आता ती कळल्यावर मिंट टाकण्याचा आग्रह मी सोडतो, परंतु लिनक्सचा एक उपयोग येथे आहेच. आपला संगणक पंधरा वर्षांचा असेल, तर त्याची हार्ड डिस्कही तितकीच जुनी असणार, आणि ती गेली तर सर्व अपडेट, श्रीलिपीची मांडणी आणि वडिलांच्या फाइली एकदम जातील. क्लोनझिला ही मुक्त आज्ञावली पेन ड्राइव्हवरून सुरू करून संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घेता येते. लॉक यूएसबीचा असेल, तर पुढे कधीतरी हीच प्रतिमा नव्या संगणकात आभासी यंत्र म्हणून, म्हणजे त्याच्या आत चालणारा दुसरा संगणक म्हणून, जाळ्याशिवाय चालवून पाहता येईल. लॉक कोणत्या जोडणीचा आहे?

जुळारीची_लेक
यूएसबीचा आहे, हिरव्या रंगाचा. फोटो परत आला, बाबांना बरे वाटले. जाळ्याची तार काढून ठेवली आहे. व्हॉट्सॲपसाठी भावाचा लॅपटॉप दुकानात आणला आहे, आणि ग्राहकांचे पेन ड्राइव्ह त्याच लॅपटॉपला लावायचे, असा कागद टेबलावर चिकटवला आहे. फाइलींच्या नकला मात्र आजवर आम्ही कधीच घेतलेल्या नाहीत. २००४ पासूनचे सगळे काम त्या एकाच डिस्कवर आहे. बाहेरची डिस्क आज संध्याकाळी घेते. आतल्या डिस्कचा आकार ५०० जीबी दिसतो आणि त्यातील ९० जीबी भरलेले आहे, तर किती मोठी घ्यावी?

मुक्तप्रणाली
प्रतिमा घेताना क्लोनझिला भरलेलाच भाग घेते, पण प्रतिमा परत टाकताना नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असली तर अडचण येते. बाहेरची डिस्क मात्र १ टीबीची घ्यावी, म्हणजे जागा कमी पडणार नाही. प्रतिमा घेण्याआधी पेजमेकरच्या फाइली आणि फॉन्टचे फोल्डर साध्या पद्धतीने वेगळे उतरवून ठेवा, आणि त्यातील दोन-चार फाइली लॅपटॉपवर नीट पोचल्या आहेत का ते पाहा. क्लोनझिलात कोणती डिस्क मूळ आणि कोणती प्रतिमेसाठी, हे विचारले जाते. तेथे उलटसुलट झाले तर मूळच पुसली जाऊ शकते. त्या टप्प्यावर घाई न करता पडद्याचा फोटो येथे टाका, मी पाहून सांगतो.