ऋता: आर-यू की आर-आय?

लेकीचं नाव 'ऋता' ठेवू का आणि इंग्रजीत ते कसं लिहू, असं तुम्ही विचारलंत. 'ऋता' ठेवाच, घरचे 'कोणाला कळणार' म्हणाले तरी. वेदांमधलं 'ऋत' म्हणजे सृष्टीचा नियम, सत्य. किती सुंदर अर्थ आहे!

स्पेलिंग मात्र आर-यू-टी-ए करा. ऋ आपण मराठीत 'रु' म्हणतो, हिंदीत 'रि'. म्हणून 'कृष्ण' इंग्रजीत आयने लिहिलं जातं. तुम्ही आय घातलात तर लेकीची सरळ 'रीटा' होईल. यू घेतला तरी कोणी 'रुटा' वाचेलच, कारण रोमनमध्ये त आणि ट एकच. ते तिला आयुष्यभर दुरुस्त करावं लागेल, पण दोन अक्षरी नावाला ते जड नाही. अंकशास्त्रासाठी जादा एच किंवा डबल ए नको, प्लीज.

आमच्या ईक्षाच्या जन्मदाखल्यावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ई' आहे, आम्ही शाळेत डबल 'ई' लिहिलं. पासपोर्टच्या वेळी तिला मांडीवर घेऊन प्रतिज्ञापत्र करत बसलो होतो. दाखल्याचा फॉर्म भरताना एकेक अक्षर बोट ठेवून तपासा. आणि त्याआधी, नाव माहीत नसलेल्या कोणालातरी ते स्पेलिंग कागदावर दाखवून मोठ्याने वाचायला सांगा.