लिनक्सचं टर्मिनल कुठनं शिकू? फोटो समोर दिसतायत आणि हा म्हणतो फाईलच नाही

स्टुडिओवाला_कराड
नमस्कार मंडळी. माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे, लग्न मुंज बारसं पासपोर्ट फोटो असलं सगळं. दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० होतं, २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचा सपोर्ट संपला आणि ११ काही त्यावर चढेना, मग भाचा दिवाळीला आला होता त्यानं लिनक्स मिंट टाकून दिलं आणि गेला पुण्याला. चालतंय छान, तक्रार नाही. पण तो जाताना म्हणाला मामा ते काळ्या खिडकीतलं (म्हणजे टर्मिनल, जिथं कमांड टाईप करायच्या) थोडं शिकून घ्या, तुमचं काम निम्म्यावर येईल. तेव्हापासनं रोज रात्री दुकान बंद केल्यावर अर्धा तास बसतोय आणि रोज काहीतरी नवीन एरर बघून उठतोय.

आत्ताच्या अडचणी सांगतो. एक म्हणजे कार्डातल्या फोल्डरमध्ये जाऊन एलएस स्टार डॉट जेपीजी (म्हणजे सगळे जेपीजी फोटो दाखव) मारलं तर नो सच फाईल ऑर डिरेक्टरी. अहो शेजारच्या खिडकीत तेच फोल्डर उघडंय, साडेआठशे फोटो समोर दिसतायत! दुसरं, फोल्डरचं नाव आहे पाटील लग्न, तर सीडी पाटील लग्न केलं की म्हणतो टू मेनी आर्ग्युमेंट्स. मी वाद घातलाच नाही तरी. आणि तिसरं म्हणजे हे शिकायचं कुठल्या क्रमानं, यूट्यूबवर प्रत्येकजण ५० कमांडची यादी देतो, तिसऱ्या दिवशी एकही आठवत नाही.

कमांड मी देवनागरीतच लिहितोय, मोबाईलवर तेच सोपं पडतं.

टर्मिनल_तात्या
तुमची पहिली एरर वाचून बरं वाटलं, कारण याच ठिकाणी मी पण एक रविवार घालवलाय. कॅमेरा फाईलला नाव देतो ते सगळं कॅपिटलमध्ये, आयएमजी अंडरस्कोर ०००१ डॉट जेपीजी, त्यातलं शेवटचं जेपीजी पण कॅपिटल. तुम्ही टाईप केलंत स्मॉल. विंडोजला दोन्ही सारखंच, लिनक्सला ती दोन वेगळी नावं. कॅपिटल जेपीजी टाकून बघा, साडेआठशेच्या साडेआठशे येतील धडाधड. कमांड मात्र सगळ्या स्मॉलमध्येच टाईप करायच्या, मी पण इथं देवनागरीतच लिहितो.

दुसरं, टर्मिनलला स्पेस म्हणजे शब्द संपला. पाटील हे एक, लग्न हे दुसरं, आणि सीडीला एकच जागा सांगायची असते, म्हणून ती कुरकुरते. नाव अवतरणचिन्हात घाला. नाहीतर त्याहून सोपं, नावाचं पहिलं अक्षर टाईप करून टॅबचं बटण दाबा, उरलेलं नाव तो स्वतः भरतो, स्पेसचा बंदोबस्त करून. एकाच अक्षराची दोन फोल्डर असतील तर टॅब दोनदा दाबा, दोन्हीची नावं दाखवेल. टॅबची सवय लावून घ्याच, कारण टॅबनं नाव भरलं गेलं नाही तर समजायचं एकतर नाव चुकलंय किंवा आपण उभे आहोत ती जागाच चुकलीये, एंटर मारायच्या आधीच कळतं. आणि फोल्डर माऊसनं उचलून टर्मिनलच्या खिडकीत टाकलं तरी त्याचा पूर्ण पत्ता तिथे उमटतो, मराठी नावांसाठी कीबोर्ड बदलत बसायला नको.

क्रमाचं म्हणाल तर यादी पाठ करू नका हो. पहिला आठवडा फक्त तीनच, कुठे आहे, काय आहे, तिकडे जा. कुठे आहे साठी पीडब्ल्यूडी (आपलं बांधकाम खातं नव्हे, प्रिंट वर्किंग डिरेक्टरी), काय आहे साठी एलएस, जायला सीडी. सीडी डॉट डॉट म्हणजे एक पायरी मागे, नुसतं सीडी म्हणजे थेट घरी. या तिघींनी काहीच बिघडत नाही, कितीही वेळा मारा. दुसऱ्या आठवड्यात एमकेडीआयआर (नवं फोल्डर करायला) आणि सीपी (कॉपी करायला). आरएमला (फाईल पुसायची कमांड) महिनाभर हात लावू नका, तिथे रिसायकल बिन नाहीये, गेलं ते गेलं.

ही नावं इतकी तोकडी का असं भाचा सांगून गेला नसेल तर सांगतो. युनिक्स बेल लॅब्जमध्ये १९६९ ला सुरू झालं, तेव्हा स्क्रीन कुठली, टेलिटाईप म्हणजे कागदावर ठोकणारं यंत्र, सेकंदाला १० अक्षरं छापायचं आणि बटणं दाबायला पण जड. अशात कोण कॉपी असं पूर्ण लिहीत बसेल, सीपी पुरे. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये लिनक्स आणलं ते युनिक्सच्याच वळणावर, म्हणून तीच नावं अजून चालू आहेत.

एफतीन_दाबा
दादा राग मानू नका पण फोटो कॉपी करायला टर्मिनल हवंच कशाला? मिंटच्या फाईल मॅनेजरमध्ये एफ३ दाबा, एकाच खिडकीचे दोन भाग होतात, एकीकडे कार्ड एकीकडे डिस्क, ओढा आणि टाका. मी ४ वर्षं मिंट वापरतोय, टर्मिनल उघडलं असेल १० वेळा. लोक उगाच नव्या माणसाला घाबरवतात की लिनक्स म्हणजे काळी खिडकी, ते दिवस गेले.

टर्मिनल_तात्या
लागतंच असं नाही म्हणालो मी, त्यांना शिकायचंय म्हणून सांगितलं. एफ३ ची टीप बाकी चांगली आहे.

स्टुडिओवाला_कराड
तात्या, कॅपिटल जेपीजी टाकलं आणि आले हो सगळे! बायकोला हाक मारून दाखवलं, ती म्हणाली यात काय विशेष, मगाशी पण दिसत होतेच की.

एफतीनवाले भाऊ, तुमचं बरोबर आहे, ओढून टाकायला मला पण येतं. अडचण अशी की लग्नसराईत रात्री १२ ला कार्ड लावायचं, तीनेक हजार फोटो, मधेच कार्ड रीडरची वायर हलली की कॉपी थांबते आणि मग कुठले आले कुठले राहिले काही समजत नाही. मग मी सगळं पहिल्यापासनं करतो, तो विचारतो रिप्लेस करू का स्किप करू, झोपेत काहीतरी दाबतो. यासाठी काही आहे का?

रीळ_आणि_रडगाणं
दादा मी व्हिडिओ एडिटिंग करते, तुमच्यासारखीच लग्नाची कामं, त्यामुळे माझा किस्सा आधी ऐका आणि मग काय ते करा. नवीन नवीन टर्मिनल शिकले तेव्हा अंगात आलं होतं नुसतं. एका लग्नाला दोन कॅमेरे होते, एक माझा एक माझ्या असिस्टंटचा. घरी येऊन हळदीचं फोल्डर केलं, पहिल्या कार्डातलं सगळं एमव्हीनं त्यात हलवलं, मग दुसरं कार्ड लावून वरचा बाण दाबला, तीच कमांड परत आली, एंटर. काही विचारलं नाही, काही बोलला नाही, गप प्रॉम्प्ट (पुढची कमांड टाईप करायची ओळ) परत आला. मला वाटलं वा काय फास्ट.

सकाळी मोजले तर फोटो निम्मेच. कॅमेरे दोन्ही एकाच कंपनीचे, दोघांचे नंबर आयएमजी ०००१ पासून चालू, कारण ९९९९ झालं की कॅमेरा परत १ वर येतो आणि असिस्टंटनं तर नुकताच नंबर रीसेट केलेला. म्हणजे ज्या ज्या नावाचा फोटो आधीपासून होता त्याच्या डोक्यावर दुसरा बसला. एमव्ही विचारत नाही, सीपी पण विचारत नाही, डॅश आय लावलं तरच विचारतात. नवरीच्या आजीचा हळद लावतानाचा फोटो त्यातच होता, आणि तिकडून फोन की आजींचा फोटो आधी पाठवा.

वाचले ते एका गोष्टीमुळे, पहिल्या कार्डावर मी नंतर काहीच शूट केलं नव्हतं. कार्डावरून फाईल पुसली तरी आतला मजकूर लगेच जात नाही, फक्त जागा मोकळी आहे अशी खूण होते. फोटोरेक नावाचं फुकट ओपन सोर्स टूल आहे, टेस्टडिस्क सोबत येतं, त्यानं त्या कार्डातून जवळपास सगळे परत काढले. नावं मात्र गेली, एफ आणि पुढे लांबलचक आकडे अशा नावानं सगळा ढीग, क्रम लावत दोन रात्री काढल्या. कार्डावर नंतर चार फोटो जरी काढले असते तरी कोणते गेले असते देव जाणे.

तेव्हापासून माझे दोन नियम. कार्डावरून एमव्ही कधीच नाही, आधी कॉपी, मोजणी, मग कार्ड कॅमेऱ्यात घालून तिथेच फॉरमॅट. आणि प्रत्येक कार्डाला वेगळं फोल्डर, कार्ड १ कार्ड २.

आता तुमचा प्रश्न. आरसिंक (ही पण कॉपी करायचीच कमांड) वापरा, मिंटमध्ये असतंच. आरसिंक डॅश आरटीव्ही, मग कार्डाचा पत्ता, मग डिस्कवरच्या फोल्डरचा पत्ता (दोन्ही माऊसनं ओढून टाका). आर म्हणजे आतल्या फोल्डरांसकट, टी म्हणजे फोटोची तारीख वेळ तीच ठेव, व्ही म्हणजे काय करतोयस ते सांगत राहा. मधेच वायर निघाली तर परत लावा आणि वरचा बाण एंटर, जे आलेत ते सोडून उरलेलेच आणतो. दोन वाजता उठून पण जमतं. एकच मेख आहे, कार्डाच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ असेल तर आतला माल येतो, नसेल तर ते फोल्डरच अख्खं येऊन बसतं. म्हणून आधी शेवटी एन जोडून डॅश आरटीव्हीएन मारा, तो कॉपी करत नाही, फक्त काय करणार ते वाचून दाखवतो. यादी बघायची, पटली तर एन काढायचा.

आणि हो, आरसिंक पण त्याच नावाच्या वेगळ्या फाईलवर बिनधास्त लिहितो हां. त्यामुळे वेगळं फोल्डर म्हणजे वेगळं फोल्डर.

टर्मिनल_तात्या
ताई, अंगावर काटा आला वाचून. एक भर घालतो, सगळं झाल्यावर कार्ड फॉरमॅट करायच्या आधी डॅश आरसीव्हीएन नं तेच दोन पत्ते देऊन बघा, तो दोन्हीकडच्या फाईल आतून पूर्ण वाचून ताडून बघतो, वेळ खातो पण एकाही फोटोचं नाव आलं नाही तर निवांत झोपा. आणि डिस्क काढताना आधी इजेक्ट करा, सगळं लिहून झालंय असं वाटतं पण थोडं मेमरीत अडकलेलं असतं. टर्मिनलमधून करायचं तर कमांड यूमाउंट, अनमाउंट नाही, पहिला एन खाल्लाय त्यांनी, शोधत बसाल.

स्टुडिओवाला_कराड
काल रात्री शिराळ्याचं लग्न होतं, दोन कार्डं, २,३४० फोटो. ताईंनी सांगितलं तसं एन लावून आधी यादी बघितली आणि बरं झालं, तिरकी रेघ राहिली होती. मग खरं चालवलं. मधे मुद्दाम वायर काढली बघायला, भडाभडा एरर आल्या, परत लावून बाण एंटर, जिथं थांबलं होतं तिथनं पुढं. नंतर फोल्डरमध्ये जाऊन एलएस, मग उभी रेघ, मग डब्ल्यूसी डॅश एल असं करून मोजलं, ही मोजायची युक्ती भाच्यानं फोनवर सांगितली, कार्डावर जेवढे तेवढेच डिस्कवर. एकदा मॅन आरसिंक (आरसिंकची माहितीपुस्तिका) उघडलं वाचायला, ते संपेचना, बाहेर कसं यायचं तेही कळेना, शेवटी खिडकीच बंद केली.

आता अजून एक. पाहुण्यांना द्यायला लॅपटॉपवरच फोल्डर करत होतो तर फाईल नेम टू लाँग आलं. नाव काय एवढं मोठं नाही, आपलं नेहमीचंच, चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक यांचा शुभविवाह, पुढे तारीख, मुहूर्त, कार्यालयाचं नाव आणि कार्ड नंबर.

एफतीन_दाबा
दादा, तुम्ही फोल्डरला नाव नाही, लग्नपत्रिका दिलीये 😄

मॅनमधून बाहेर यायला क्यू दाबायचं. आणि नावाचं गणित असंय. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट४ डिस्कवर एका नावाला २५५ बाईट मिळतात. इंग्रजी अक्षर एका बाईटमध्ये बसतं, देवनागरीचं प्रत्येक अक्षर ३ बाईट घेतं, आणि काना मात्रा वेलांटी वेगळी मोजायची, प्रत्येकी ३. म्हणजे सगळं धरून ८५. तुम्हीच बघा, इको मराठी, उभी रेघ, डब्ल्यूसी डॅश सी, उत्तर १६ येतं. म, र, काना, ठ, वेलांटी हे पाच त्रिक पंधरा आणि एक ओळ संपल्याची खूण. डॅश सी बाईट मोजतं, त्याऐवजी डॅश एम दिलं तर अक्षरं मोजतं, उत्तर ६. टर्मिनल उघडलं असेल १० वेळा म्हणालो होतो, त्यातलं एक हे.

आणि टर्मिनलमध्ये वेलांटी सुटून भलतीकडेच बसलेली दिसली तर घाबरू नका, बऱ्याच टर्मिनलांना आपली जोडाक्षरं नीट मांडता येत नाहीत, फाईलचं नाव आत बरोबरच असतं, फाईल मॅनेजरमध्ये उघडून बघा.

रीळ_आणि_रडगाणं
मी तर तारीख आधी टाकते, वर्ष महिना दिवस, मग आडनाव, मधे स्पेसच्या जागी अंडरस्कोर. एलएस मारलं की सगळी लग्नं आपोआप तारखेनं रांगेत उभी राहतात. मुहूर्त आत एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहा दादा, पाहुण्यांना हवाच असेल तर.

स्टुडिओवाला_कराड
१६ आलं. कार्यालयाचं नाव काढलं तरी बसेना, मुहूर्त काढला तेव्हा बसलं.