फोटोने नदी वाचते का?
वरती कुणीतरी म्हटलंय की फोटो काढून जंगलं वाचत नाहीत, त्याला कोर्टच लागतं. अहो पण ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरची फ्रँकलिन नदी बघा ना, तिथे धरण होणार होतं आणि पीटर डोंब्रॉव्स्कीस या फोटोग्राफरने काढलेला रॉक आयलंड बेंडचा, म्हणजे त्याच नदीच्या एका वळणाचा, फोटो १९८३ च्या निवडणुकीत पेपरात पानभर रंगीत जाहिरात म्हणून आला, नुसतं धुकं, काळंशार पाणी, त्यावर फेसाचे पांढरे पट्टे आणि मधोमध खडक, बास. सरकार बदललं, कायदा आला, मग तिथल्या हायकोर्टात (तिकडे हेच सगळ्यात वरचं कोर्ट) ४ विरुद्ध ३ ने धरण थांबलं. म्हणजे कोर्ट लागलंच, मान्य, पण केस तिथवर गेली कशी? आणि हा गडी जडच्या जड लार्ज फॉरमॅट (मोठ्या फिल्मचा) कॅमेरा छोट्या होडीतून न्यायचा, आपण मोबाईल भिजेल म्हणून रडतो.